पेन्शन रखडली? फेऱ्या मारण्याआधी या चुका टाळा

“तुमची फाइल एजी ऑफिसला गेलीय.” निवृत्त कर्मचाऱ्याला सर्वांत जास्त वेळा ऐकावे लागणारे वाक्य बहुधा हेच. त्याचे तीन अर्थ होऊ शकतात. फाइल खरोखरच एजीकडे, म्हणजे महालेखापालांकडे आहे. किंवा ती तिथून त्रुटी लागून परत आली आहे आणि कुणाच्या तरी कपाटात पडून आहे. किंवा ती अजून निघालेलीच नाही. ऐकणारा पहिला अर्थ घेतो, मान डोलावतो आणि पुढच्या महिन्यात परत येतो.

‘चुका टाळा’ म्हटले तरी उशिराचा दोष बहुतेक वेळा पेन्शनरचा नसतो, हे आधीच सांगून टाकतो. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मध्ये कार्यालयासाठी सगळे वेळापत्रक ठरवून दिले आहे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला पुढच्या २४ ते ३० महिन्यांत निवृत्त होणाऱ्यांची यादी करायची. दोन वर्षे आधी कागदपत्रांचे काम हाती घ्यायचे. निवृत्तीच्या किमान सहा महिने आधी प्रस्ताव महालेखापालांकडे पाठवायचा. शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ आणि हातात पीपीओ, म्हणजे पेन्शन देण्याचा आदेश, असे व्हावे म्हणूनच हे नियम केले. शाल-श्रीफळ वेळेवर मिळते.

पण दोष कार्यालयाचा असला तरी झळ तुम्हालाच बसते. आणि पुढे व्याज मागायची वेळ येते तेव्हा कार्यालय “यांनीच कागद उशिरा दिले” असे लिहून मोकळे होते. या लेखातल्या बहुतेक चुका इथेच येऊन भिडतात.

लेख आहे राज्य शासनाच्या जुन्या पेन्शन योजनेतल्या लोकांसाठी, म्हणजे ढोबळमानाने १ नोव्हेंबर २००५ पूर्वी सेवेत आलेल्यांसाठी. एसटी महामंडळातल्या मंडळींची पेन्शन भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून येते. तिचा रस्ता पूर्ण वेगळा.

चूक पहिली: फाइल कोणत्या टेबलावर आहे ते न शोधता भेटेल त्याला विचारणे

प्रकरणाचा प्रवास साधारण असा होतो. तुमचे कार्यालय, म्हणजे आस्थापना शाखा. तिथून सेवापुस्तक वेतन पडताळणी पथकाकडे. पथकाचा शिक्का बसला की प्रस्ताव महालेखापालांकडे. मुंबईचे कार्यालय कोकण, पुणे, नाशिक भागांचे प्रस्ताव पाहते, नागपूरचे विदर्भ आणि मराठवाड्याचे. तिथून पीपीओ निघतो आणि जिल्हा कोषागारात येतो. मुंबईत कोषागाराचे काम अधिदान व लेखा कार्यालय करते. शेवटी बँक.

म्हणून कुठेही जाण्याआधी दोन गोष्टी हातात हव्यात: प्रस्ताव पाठवल्याचा जावक क्रमांक आणि तारीख. ‘पाठवलाय’ म्हणणाऱ्याला फक्त एवढेच विचारा, “जावक क्रमांक काय?” क्रमांक नसेल तर प्रस्ताव गेलेला नाही. क्रमांक असेल तर महालेखापाल कार्यालयाच्या संकेतस्थळावर प्रकरणाची स्थिती पाहता येते. तिथे ‘परत पाठवले’ असे दिसले, तर त्यांचे पत्र तुमच्या कार्यालयात येऊन पडलेले असणार. त्याची प्रत मागून घ्या. त्रुटी काय आहे हे तोंडी ऐकून भागत नाही. त्या पत्रात पाच मुद्दे असतात, तुम्हाला एक सांगतात, तो पुरा केला की दुसरा सांगतात, आणि पाच मुद्द्यांत वर्ष निघून जाते.

चूक दुसरी: सेवापुस्तक शेवटच्या वर्षी उघडणे

खरा घोळ इथेच असतो. तीस-पस्तीस वर्षांच्या नोकरीत सहा-सात कार्यालये, तितकेच लिपिक, तितकीच हस्ताक्षरे. प्रत्येकाने थोडे थोडे सोडलेले असते. पडताळणी पथक ते सगळे एकदम वर काढते, आणि त्या वेळी नोंद करणारा लिपिक स्वतःच निवृत्त झालेला असतो.

हमखास राहून जाणाऱ्या गोष्टी सांगतो. दरवर्षीच्या सेवा पडताळणीचा दाखला मधल्या दोन-तीन वर्षांत नसतो. स्थायित्वाचा आदेश निघालेला असतो, पण चिकटवलेला नसतो. मराठी आणि हिंदी भाषा परीक्षा उत्तीर्ण झाल्याची किंवा सूट मिळाल्याची नोंद नसते. संगणक अर्हतेचे प्रमाणपत्र मुदतीनंतरचे असते, आणि मग त्या काळातल्या वेतनवाढी परत मागितल्या जातात. आश्वासित प्रगती योजनेच्या लाभाची वेतननिश्चिती चुकलेली असते. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी झालेल्या संपाचे दिवस कसे नियमित केले याचा उल्लेख नसतो. जन्मतारीख अक्षरी आणि अंकी जुळत नाही, किंवा लग्नानंतर बदललेले नाव अर्ध्या कागदांवर जुने आणि अर्ध्यांवर नवे असते.

याहून अवघड दोन प्रकार आहेत. पहिला सक्तीच्या प्रतीक्षेचा. बदली झाली, पण रुजू करून घ्यायला जागा नव्हती, म्हणून महिना-दीड महिना माणूस आदेशाची वाट पाहत बसला. तो काळ नियमित करण्याचा आदेश वरिष्ठ कार्यालयातून आणावा लागतो, कधी मंत्रालयातून. दुसरा प्रतिनियुक्तीचा. महामंडळात किंवा प्राधिकरणात चार वर्षे काढली असतील, तर त्या संस्थेने तुमच्या पेन्शनचे अंशदान शासनाकडे भरायचे असते. भरल्याची चलने सापडत नाहीत. ती संस्था बंद पडली असेल तर विचारूच नका. हे दोन्ही कागद निवृत्तीच्या तीन-चार वर्षे आधी मागायला घेतले तरच वेळेत हाती येतात.

राखीव जागेवर लागलेल्यांनी जात वैधता प्रमाणपत्राची नोंद आधी पाहावी. ते नसल्यामुळे अडकलेली प्रकरणे राज्यात कमी नाहीत, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगदीश बहिरा यांच्या प्रकरणात दिलेल्या निकालानंतर त्यांची गुंतागुंत वाढलीच आहे.

सेवापुस्तकाची दुय्यम प्रत ठेवणे हा कर्मचाऱ्याचा हक्क आहे. ज्यांनी ती ठेवून दरवर्षी मूळ प्रतीशी जुळवून घेतली, त्यांना राहून गेलेल्या नोंदींची वरची यादी वाचायची गरज नाही.

चूक तिसरी: तोंडी विचारणे आणि पोच न घेणे

नियम १२९-अ म्हणतो की उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, देय झाल्यापासून तीन महिन्यांपलीकडे गेले आणि उशीर प्रशासकीय हलगर्जीमुळे झाला, तर पुढच्या काळाचे व्याज द्यावे लागते. नियम १२९-ब मध्ये मासिक पेन्शनसाठी हीच मुदत सहा महिन्यांची आहे. मात्र कर्मचाऱ्याने विहित कार्यपद्धती पाळली नाही म्हणून उशीर झाला असेल, तर व्याज नाही. सगळा वाद या एका अटीभोवती फिरतो.

तुम्ही नमुना ५, म्हणजे पेन्शनसाठी स्वतःची माहिती भरून द्यायचा अर्ज, आठ महिने आधी दिला होता, पण पोच घेतली नाही. कार्यालय सांगते, दोन महिने आधी दिला. आता सिद्ध कुणी करायचे?

म्हणून कागद साहेबांच्या हातात न देता आवक शाखेत द्या. दुय्यम प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. “आपलेच ऑफिस आहे, पोच कसली घ्यायची” हा संकोच फार महागात पडतो. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर तोच कागद पोस्टाने नोंदणी करून पाठवा. ई-मेलही करा, पण निव्वळ ई-मेलवर विसंबू नका. जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी अर्जाखालीच लिहा. नंतर “बँक पासबुकची झेरॉक्स नव्हती” असे कुणी म्हणू शकत नाही.

चूक चौथी: वसुलीच्या पत्रावर मुकाट्याने सही करणे

निवृत्तीच्या तोंडावर किंवा नंतर पत्र येते: अमुक वर्षी वेतननिश्चिती चुकली होती, जादा दिलेले एवढे लाख उपदानातून वसूल करण्यात येतील, संमती द्यावी. माणूस हबकतो. सही केली तर पेन्शन लवकर सुटेल, असे कुणीतरी कानात सांगते. अनेकदा ते खरेही असते, म्हणूनच तो मोह जास्त घातक.

सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफीक मसीह या प्रकरणात अशी वसुली कुठे करता येणार नाही ते सांगितले आहे: वर्ग ३ आणि वर्ग ४ चे कर्मचारी, निवृत्त झालेले किंवा वर्षभरात निवृत्त होणारे, वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल अशी प्रकरणे, वरच्या पदाचे काम करून घेऊन त्याचे वेतन दिले असेल तर ते, आणि जिथे वसुली सरळसरळ अन्यायाची ठरेल ती प्रकरणे. कर्मचाऱ्याने लबाडी केलेली नसावी, हे यात गृहीत आहे.

पण हा निकाल दाखवला की झाले, असे समजू नका. २०१६ मध्ये जगदेव सिंग प्रकरणात याच न्यायालयाने म्हटले की ‘जादा दिले गेल्यास परत करीन’ असे हमीपत्र वेतननिश्चितीच्या वेळीच दिले असेल, तर निवृत्तीनंतरही वसुली होऊ शकते. वेतन आयोगाच्या वेळी असे हमीपत्र सगळ्यांकडून घेतले जाते आणि कुणीही ते वाचत नाही. त्यामुळे पत्र आल्यावर तीन गोष्टी लेखी मागा: मूळ वेतननिश्चितीचा तक्ता, पथकाचा आक्षेप आणि तुमच्या सहीचे हमीपत्र असल्यास त्याची प्रत. त्याशिवाय संमती नाही. आणि वेतननिश्चितीत खरोखर चूक असेल, तर पुढची पेन्शन दुरुस्त वेतनावरच बसेल. ती दुरुस्ती थांबवता येत नाही. भांडण फक्त मागच्या वसुलीचे असते. दोन्ही एकत्र लढणारे बहुधा दोन्हीकडे अडकतात.

चूक पाचवी: एक प्रमाणपत्र नाही म्हणून सगळेच थांबू देणे

शासकीय निवासस्थानाचे ना-देय प्रमाणपत्र आलेले नाही, घरबांधणी अग्रिमाचा हिशेब जुळत नाही, भांडारातल्या कसल्याशा यंत्राची नोंद तुमच्या नावावर आहे. अशा कारणांनी उपदानातली काही रक्कम रोखता येते. मासिक पेन्शन रोखण्याचे ते कारण नव्हे. केरळ राज्य विरुद्ध पद्मनाभन नायर या १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात नेमके असेच कागद, अंतिम वेतन प्रमाणपत्र आणि ‘देणे नाही’चे प्रमाणपत्र, न मिळाल्याने उशीर झाला होता. कागद गोळा करण्याचे काम खात्याचे आहे, असे म्हणत न्यायालयाने व्याज द्यायला लावले. अर्जात उद्धृत करावा असा हा निकाल आहे.

पूर्ण हिशेब होईपर्यंत नियम १२६ प्रमाणे तात्पुरते निवृत्तिवेतन द्यायचे असते. ते कार्यालय प्रमुखांच्या अधिकारात सुरू होते, महालेखापालांच्या आदेशासाठी थांबावे लागत नाही. तरीही कितीतरी लोक वर्षभर एक रुपयाही न मिळता बसून असतात, कारण ते कुणी मागितलेले नसते आणि कार्यालय आपणहून देत नाही. निवृत्तीच्या महिन्यापर्यंत पीपीओ आलेला नसेल, तर त्याच आठवड्यात एक ओळीचा अर्ज द्या.

विभागीय चौकशी किंवा न्यायालयीन कारवाई चालू असेल तर नियम १३० लागतो. तात्पुरती पेन्शन मिळते, उपदान निकालापर्यंत थांबते. त्याविरुद्ध फार काही करता येत नाही. पण चौकशी ‘प्रस्तावित’ आहे, एवढ्यावर उपदान अडवले असेल तर दोषारोपपत्र कधी दिले ते लेखी विचारा. सेवेत असताना सुरू न झालेली चौकशी निवृत्तीनंतर सुरू करायची तर नियम २७ प्रमाणे शासनाची मंजुरी लागते आणि घटना चार वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. दोषारोपपत्र न देता वर्षानुवर्षे ‘चौकशी प्रस्तावित’ हा शेरा चालवणे हा सरळ छळ आहे, आणि तो सर्रास चालतो.

चूक सहावी: सहा रकमांना एकच रक्कम समजणे

मासिक पेन्शन, उपदान, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणे), भविष्य निर्वाह निधी, गट विमा, शिल्लक अर्जित रजेचे रोखीकरण. मोजले तर सहा निघतात. पीपीओ पेन्शनचा, जीपीओ उपदानाचा, सीपीओ अंशराशीकरणाचा, असे हे तीन वेगळे आदेश आहेत. रजेचे पैसे आणि गट विमा तुमचे कार्यालयच काढते, त्याचा एजी ऑफिसच्या फाइलशी संबंध नाही. “सगळे एकदम येईल” असे सांगितले तर मान्य करू नका. प्रत्येकासाठी वेगळा अर्ज आणि वेगळी पोच.

जिल्हा परिषदेचे दुखणे वेगळे

जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांचे आणि इतर कर्मचाऱ्यांचे प्रकरण पंचायत समिती, संबंधित विभाग आणि मग वित्त विभाग असे फिरते. मंजुरी तिथेच होते. म्हणून ‘एजी ऑफिसला गेली’ असे जिल्हा परिषदेत कुणी सांगितले तर सावध व्हा. इथे दुसराही उशीर असतो, मंजूर झालेली पेन्शन दर महिन्याला उशिरा येण्याचा. तो अनुदानाचा असतो आणि एकट्याच्या अर्जाने सुटत नाही. तिथे संघटनेनेच उभे राहावे लागते. खासगी अनुदानित माध्यमिक शाळांचे प्रस्ताव मात्र शिक्षण विभागामार्फत महालेखापालांकडे जातात.

चालू पेन्शन अचानक बंद झाली तर

आधी हयातीचा दाखला तपासा. नोव्हेंबरमध्ये बँकेतल्या यादीवर सही राहिली की पुढे पेन्शन थांबते. जीवन प्रमाणवर मोबाइलने दाखला काढणाऱ्यांची एक नेहमीची चूक होते: पेन्शन वितरित करणाऱ्या कार्यालयाच्या रकान्यात राज्य कोषागाराऐवजी बँक किंवा केंद्राचे कार्यालय निवडले जाते. दाखला निघतो, मोबाइलवर संदेशही येतो, पण तो भलतीकडे जाऊन पडतो. दुसरे कारण बँकेचे. देना आणि विजया बँका १ एप्रिल २०१९ पासून बँक ऑफ बडोदात गेल्या, तेव्हा शाखांचे आयएफएससी कोड बदलले. तुमची बँक किंवा शाखा बदलली असेल तर कोषागारात स्वतः कळवा. बँक कळवेल या भरवशावर राहू नका.

तक्रार भावनेने लिहिणे, आणि चुकीच्या दारात नेणे

‘मी आयुष्यभर प्रामाणिकपणे सेवा केली’ या ओळीने सुरू होणारे चार पानी अर्ज कुणी वाचत नाही. वाचावे असे वाटते, पण नाही वाचत. अर्धे पान, तारखा, एक मागणी.

राज्यात २००५ चा एक कायदा आहे. त्याला बदल्यांचा कायदा म्हणतात, पण त्याचा दुसरा अर्धा भाग शासकीय कामातल्या दिरंगाईवर आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. जाणूनबुजून थांबवली तर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. स्मरणपत्रात या कलमाचा उल्लेख केला की टेबलावरची हालचाल वाढते, असा अनेकांचा अनुभव आहे.

मग माहितीचा अधिकार. ‘माझी पेन्शन का दिली नाही’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही. असे लिहा:

“माझे निवृत्तिवेतन प्रकरण दि. … पासून आजपर्यंत कोणत्या तारखेस कोणत्या अधिकारी/कर्मचाऱ्याकडे होते, त्यांच्या पदनामासह तपशील. वेतन पडताळणी पथक व महालेखापाल यांनी काढलेल्या त्रुटींच्या पत्रांच्या प्रती. त्यांच्या पूर्ततेच्या पत्रांच्या प्रती.”

राज्याच्या कार्यालयाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो, आणि अर्ज दीडशे शब्दांत, एका विषयावर हवा. महालेखापाल कार्यालय केंद्राचे आहे. तिथे कोर्ट फी स्टॅम्प चालत नाही, पोस्टल ऑर्डर लावा किंवा ऑनलाइन भरा. उत्तरासाठी ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.

लोकआयुक्तांकडे नोकरीच्या तक्रारी चालत नाहीत, असे सांगून लोकांना परत पाठवले जाते. बदली-बढतीपुरते ते खरे आहे. १९७१ च्या लोकआयुक्त कायद्याने पेन्शन, उपदान, भविष्य निर्वाह निधी यांचे दावे मात्र त्या मनाईतून मुद्दाम वगळले होते. दिरंगाईच्या तक्रारीसाठी वकिलाची गरजही नसते. कुणी चहापाणी मागितले तर १०६४ हा लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक आहे. लाच दिली की तुमचे प्रकरण लवकर सुटेलही, पण मागच्या दहा जणांचे आणखी मागे जाईल.

शेवटी मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी आधी तिथेच जायचे. जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळांच्या मंडळींना उच्च न्यायालय. मॅटमध्ये मुदत फार महत्त्वाची आहे. अंतिम आदेशापासून एक वर्ष. निवेदनाला उत्तरच आले नाही तर सहा महिने वाट पाहायची आणि त्यापुढे एक वर्ष. नुसती स्मरणपत्रे पाठवत राहिल्याने ही मुदत वाढत नाही, हे कित्येकांना फार उशिरा कळते. पेन्शन दर महिन्याला कमी मिळत असेल तर तो चालू अन्याय मानला जातो आणि दावा करता येतो, पण थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.

पैसे जमा झाल्यावर बहुतेक जण हुश्श करतात आणि फाइल माळ्यावर टाकतात. व्याजाचा अर्ज त्यानंतरच करायचा असतो. निवृत्तीची तारीख, कागद दिल्याच्या पोचीची तारीख, प्रस्ताव पाठवल्याचा जावक क्रमांक, प्रत्येक त्रुटीची आणि पूर्ततेची तारीख, रक्कम जमा झाल्याची तारीख. एवढे एका तक्त्यात मांडा, त्याखाली नियम १२९-अ आणि १२९-ब चा उल्लेख करा, माहिती अधिकारातून मिळालेले कागद जोडा. कार्यालय प्रमुखांना द्या आणि प्रत प्रशासकीय विभागाला पाठवा, कारण व्याज मंजूर करणे आणि दिरंगाई कुणाची ते ठरवणे हे काम त्या विभागाचे आहे. पोच दोन्हीकडून घ्या.